खताच्या खड्ड्याजवळचा भोपळा

१२ सप्टेंबर

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला ताई म्हणावं की नाही, या विचारात दोन कागद फुकट गेले. शेवटी म्हटलं, दुसरं काय म्हणणार? मार्चपासून मी तुमच्या जुन्या घरात आहे. लग्न अगदी साधं झालं. तुमच्या कानावर आलंच असेल.

पत्राचं कारण बाग. मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढलेली. आमच्या गॅलरीत एक कोरफड होती, तीसुद्धा माझ्या हातून मेली. आणि इथे सगळं एकदमच पिकायला लागलंय. सफरचंदं सकाळी अंगणभर पडलेली असतात. कुंपणाशी भोपळे इतके वाढलेत की फाटक पूर्ण उघडत नाही. बिटांनी मातीतून खांदे वर काढलेत. हे म्हणतात, घरचं असताना बाजारातून काही आणायचं नाही. मला भात, आमटी आणि अंडं यापलीकडे काही येत नाही.

परवा भोपळ्याचा पाव केला. कडेने दगड, मधे लगदा. ह्यांनी ताटली लांब सरकवली. तुमची खारू खात नाही हो. ताटात बोटं फिरवत बसते आणि आमची पाठ वळली की तुकडे खिशात घालते. धुवायला टाकलेल्या फ्रॉकमध्ये मला पावाचा चुरा सापडतो. खारू हे नाव किती बरोबर ठेवलंय! परवा ती एवढंच म्हणाली, "आईचा पाव पिवळा असायचा. आणि मऊ." म्हणून धीर करून विचारते, तो कसा करायचा?

पत्ता तिनेच दिला. फोन केला नाही, कारण माझा फोन हे बघतात. उत्तर द्यावंसं वाटलं तर घरी पाठवू नका. मी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, तिथला पत्ता मागे लिहिलाय.

आपली नम्र,
(सही काय करू कळत नाही)

२० सप्टेंबर

तुम्ही मला ताई म्हणू नका. मी तुमची कोणी लागत नाही.

पत्र न वाचताच फाडणार होते. "बोटं फिरवत बसते" या शब्दांवर नजर पडली आणि हात थांबला.

पाव असा. भोपळा उकडायचा नाही. उकडला की पाणी पितो आणि ते पाणी पावाच्या पोटात राहतं. फोडी सालासकट ओव्हनमध्ये भाजा, कडा काळपट होईपर्यंत. गार झाल्यावर चमच्याने गर काढा, फडक्यात बांधा आणि नळाला टांगून ठेवा. किती पाणी निघतं ते बघून चकित व्हाल. यीस्ट कोमट दुधात भिजवा. बोट घालून बघा, बोटाला काहीच जाणवलं नाही तर ते बरोबर कोमट. मग मैदा, थोडं लोणी, साखर, मीठ आणि गर. वेगळं पाणी घालायचं नाही. मळलेला गोळा हाताला चिकटतो, म्हणून घाबरून पीठ वाढवत बसू नका. झाकून ठेवा आणि दुप्पट होईस्तोवर त्याच्याकडे बघूसुद्धा नका. तुम्ही घाई केलीत हे मी पाव न बघता सांगते. त्या घरात सगळ्यांनाच घाई होते, कारण त्याला ताट वेळेवर लागतं.

सफरचंदांतली मार लागलेली आधी संपवा, त्यांचा जॅम करा. धड असतील ती एकेक कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाजरांशेजारी नको. सफरचंदाच्या शेजाराने गाजरं कडू होतात.

आणि खारू भूक नाही म्हणून तुकडे लपवत नाही. ताटात उरलेलं चालत नाही म्हणून लपवते. हे तुम्हाला अजून कळलं नसेल तर कळेल.

मी इथे पावाच्या कारखान्यात आहे. भोपळ्याचा पाव इथेही निघतो. त्यात भोपळा नसतो, रंग असतो.

डिसेंबरमध्ये खारूला दहा पूर्ण होतील. मी घर सोडलं तेव्हा माझ्याकडे बायकांच्या वसतिगृहातली एक खाट होती. खाटेवर मूल कसं वाढवणार, म्हणून कोर्टाने ती त्याला दिली. आता दहा झाल्यावर तिलाच विचारणार आहेत, कुणाकडे राहायचं ते. तोवर पोरीच्या पोटात दोन घास जावेत, एवढ्यासाठी हे लिहिलं. तुमच्यासाठी नाही.

खारूची आई

३ ऑक्टोबर

नमस्कार. (ताई म्हणत नाही.)

पाव फुगला! झाकण काढलं तर गोळा भांड्याच्या वर आलेला, मी ओरडलेच. खारू धावत आली. तिला वाटलं मला भाजलं. मग आम्ही दोघी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो. तिने कडेचा तुकडा खाल्ला, मग मधला, मग म्हणाली, "आईचा जरा जास्त पिवळा." पण खाल्ला. खिशात काही गेलं नाही, मी रात्री तपासलं.

आता रोज शाळेतून आली की विचारते, आज काय करायचं? स्टुलावर उभी राहून पीठ मळते आणि मळता मळता बोलते. हात रिकामे असले की गप्प. तुम्ही कुठलं फडकं वापरायचात, कुठली सुरी बोथट आहे, मोठा डबा कुठल्या फळीवर, सगळं तिच्याकडून कळलं. मला म्हणते, "मावशी, तू फार घाबरतेस ओव्हनला. तो आपल्याला घाबरतो."

हे म्हणाले, "बरा झालाय."

आता पुढचं विचारते. थंडी पडायला लागलीय. झाडावर हिरवे टोमॅटो भरपूर आहेत, त्यांचं काय करू? बीट केकमध्ये घालतात म्हणे, पण किसायला घेतलं की मला त्या मातकट वासाने मळमळतं. आणखी एक, खताच्या खड्ड्याजवळ भोपळ्याचा एक वेल आपोआप आलाय. कुणी लावला नाही. फळ एकच आहे, पण केवढं! फिकट हिरवं, शिरा असलेलं. ह्यांना त्याचं फार कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. त्याचं काय करावं?

दवाखान्यातून

१० ऑक्टोबर

तुला आता तू म्हणते. तुम्ही-तुम्ही करत ओव्हनचं बोलता येत नाही.

हिरवे टोमॅटो दंव पडायच्या आत तोड. अर्धे खणात ठेव, मधे एक पिकलेलं सफरचंद टाक, हळूहळू लाल होतील. उरलेल्यांच्या जाड चकत्या कर आणि साखर, आलं, व्हिनेगर घालून आटव. बिटाचं काम यंदा राहू दे. बिटाच्या वासाने मळमळतं म्हणतेस. मलाही खारूच्या वेळी असंच मळमळलं होतं. कितवा महिना?

त्याने "बरा" म्हटलं याचा आनंद करून घे, दुसरा शब्द नाही यायचा. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस तो. शेजारी बसतो, स्टिअरिंग आपल्या हातात देतो आणि त्याच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून असतो. गाडी आपण चालवतोय असं आपल्याला वाटतं. मी त्या गाडीत बरीच वर्षं बसले.

आता नीट वाच. खताजवळच्या भोपळ्याला हात लावू नकोस. आपोआप आलेला वेल कशाचा असतो सांगता येत नाही. पलीकडच्या आवारात शोभेचे भोपळे लावतात, त्यांच्याशी संकर झाला की फळ दिसायला छान आणि आतून जहर कडू निघतं. कच्ची फोड जिभेच्या टोकाला लाव. कडू लागली तर थुंक, चूळ भर आणि फळ पुरून टाक. शिजवून तो कडूपणा जात नाही, साखरेने जात नाही. थोडासा पोटात गेला तरी माणूस आडवा होतो. लहान मुलाचं तर विचारूच नकोस.

मी खोली घेतलीय. एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला खारूची खाट, मधून मी तिरकी गेले तर जाता येतं. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. ओव्हन नाही, पण कारखान्यातला भट्टीवाला म्हणाला, रविवारी आणा काय भाजायचं ते. हे तिला सांगू नकोस. मला दाखवायचंय.

खारूची आई

२८ ऑक्टोबर

नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. मधे खारूचं पोट जरा बिघडलं होतं. आता बरी आहे, शाळेत जाते. हवा बदलली की होतंच असं.

तुम्ही बरोबर ओळखलंत. तिसरा महिना. ह्यांना मुलगा हवाय. मला काहीही चालेल.

टोमॅटो तुम्ही सांगितल्यासारखे खणात ठेवले, दोन लाल झाले. जॅमच्या बरण्या खारूने भरल्या, प्रत्येकीवर तारीख घालून. एका बरणीवर तिने काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, "ती आईची."

आता तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल का?

दवाखान्यातून

५ नोव्हेंबर

रविवारी खारू भेटली. महिन्यातून एकदा भेटते तशी, बसस्टॉपजवळच्या त्या हॉटेलात. तिने बाही वर सारली तर हातावर निळा डाग.

"हे काय गं?"

"सलाईनचं."

"कशाने?"

"भोपळ्याने." बिस्किट चहात बुडवत, अगदी सहज. "मावशी म्हणाली कडू आहे, फेकून देते. बाबा म्हणाले, एवढं मोठं फळ फेकायचं? तुला हे शहाणपण कुणी शिकवलं? मावशी काहीच बोलली नाही."

तू काय बोलणार होतीस? माझं नाव घेतलं असतंस तर पत्रं बाहेर आली असती. म्हणजे मीच तुला सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणूनच तुला बोलता आलं नाही. हे मी बसमध्ये बसून पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. दुसरं काही निघत नाही.

मग तू त्याचं सूप केलंस. साय घातलीस, साखर घातलीस. त्याने एक चमचा तोंडाला लावला, म्हणाला "मला भूक नाही," आणि पोरीला म्हणाला, वाटीतलं संपल्याशिवाय उठायचं नाही. ती बसून राहिली.

"मग?"

"मग बाबा फोनवर बोलायला खिडकीशी गेले ना, तेव्हा मावशीने माझ्यातलं अर्धं तिच्या वाटीत ओतलं. आणि पटकन पिऊन टाकलं."

तुला शिव्या द्यायला उघडलेलं तोंड तिथे मिटलं. पोटात मूल असताना तू ते प्यालीस. पण उरलेलं अर्धं माझ्या मुलीच्या पोटात गेलं, आणि मला तू लिहितेस, "हवा बदलली की होतंच."

माझं एकच मागणं आहे. डिसेंबरमध्ये कोर्टात ये आणि त्या टेबलाशी काय झालं ते सांग. तू तिथे होतीस. दुसरं कोणी नव्हतं.

ताई म्हणायचंय ना? मग हे कर.

खारूची आई

१५ नोव्हेंबर

ताई,

खोटं लिहिलं. खरं लिहिलेला कागद आधी फाडून टाकला होता. फोड मी जिभेला लावली होती. इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं. सुरी, पाट, सगळं धुतलं. तेवढ्यात हे आत आले. मग मी शिजवलं, ताई. कुणी माझा हात धरला नव्हता. मी स्वतःच्या हाताने चिरलं, शिजवलं, वाढलं.

इस्पितळात आम्ही दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होतो. डॉक्टरांना ह्यांनी सांगितलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. बाळ ठीक आहे म्हणाले. खारू रडली नाही. मी रडत होते, तर तिने सलाईन लावलेल्या हातानेच मला पाणी दिलं.

पण कोर्टात मी बोलू शकत नाही. तुम्ही बोलून आपल्या खोलीवर जाल. मी बोलून कुठे जाणार? त्याच घरी, त्याच गाडीतून, ह्यांच्या शेजारी बसून. भावाला फोन केला होता. तो म्हणाला, अशा दिवसांत बायका हळव्या होतात, जरा जुळवून घे.

मला भित्री म्हणा, काहीही म्हणा. पण खारू तुमच्याकडेच येणार. तिला विचारणार आहेत ना? ती तुमचंच नाव घेईल. मग माझ्या साक्षीची गरजच काय? मी तिचे लोकरीचे कपडे वेगळे काढून ठेवलेत. पाव करायला ती आता माझ्यापेक्षा चांगली शिकलीय, तुमच्याकडे आली की बघाल.

दवाखान्यातून

१८ डिसेंबर

तुम्ही बाहेर गाडीत बसून होतात, म्हणून आत काय झालं ते कळवते.

जज बाई वयस्कर होत्या, सर्दीने हैराण. त्यांनी आम्हाला दोघांना बाहेर काढलं आणि खारूला आत ठेवून घेतलं. दार पूर्ण लागत नव्हतं. मी फटीशी उभी होते. शिपायाने हटकलं नाही, त्याचे आभार.

बाईंनी विचारलं, "बाळा, तुला घाबरायचं काही कारण नाही. कुणाकडे राहावंसं वाटतं?"

"बाबांकडे."

"नक्की? आई आवडत नाही?"

"आवडते. पण बाबांकडे."

"घरी कुणी रागावतं का? मारतं?"

"नाही."

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं, पाठ केलेल्या कवितेसारखं नाही, अगदी शांतपणे. बाहेर आली तेव्हा मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "खारू, का गं?" तिने माझी ओढणी नीट केली. म्हणाली, "आई, तुला एकटीला राहता येतं." मग त्याने हाक मारली आणि ती गेली.

आता मला सांगा, काय शिकवलंत तिला? भात, आमटी आणि अंडं येणारी बाई तुम्ही. मी तुम्हाला कोमट दुधापासून शिकवलं. माझी पोर तुमच्या ओट्याशी स्टूल घेऊन उभी राहावी, बोलावी, खावी, म्हणून शिकवलं. आणि माझ्याच पावाने तुम्ही तिला फितवलंत. तुमच्यापेक्षा तो बरा. तो जे करतो ते तोंडावर करतो.

खोली मी सोडलेली नाही. खाटही ठेवलीय. पण हे तुम्हाला का सांगते कुणास ठाऊक.

यापुढे पत्र पाठवू नका.

खारूची आई

२७ डिसेंबर

ताई,

पाठवू नका म्हणालात तरी हे एक पाठवते. दुसरं नाही पाठवता येणार.

मी तिला शिकवलं नाही. आदल्या दिवशी तिची बॅग मी भरली होती. खाली बसून तिला म्हटलं, आईचं नाव घे, इथे थांबू नकोस, मी सांगते म्हणून जा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तुला नाही म्हणता येत नाही. मला थोडं थोडं येतं. बाळ आल्यावर तू एकटी काय करणार?" आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावायला लागली. घडी घालून, एकावर एक.

मी तेव्हाच तिचा हात धरून तुमच्याकडे यायला हवं होतं. ती कपडे लावत होती आणि मी दारात उभी राहून बघत होते. खरं सांगू? मला बरं वाटलं, ताई. ती जाणार नाही म्हणून मला बरं वाटलं. शिव्या द्यायच्या असतील तर त्या यासाठी द्या, पावासाठी नको.

ती हल्ली नीट जेवते. ह्यांच्या आधी टेबलाशी येऊन बसते. हे आवाज चढवायला लागले की काहीतरी विचारते, शाळेचं, गाडीचं, गिअर कसे बदलतात त्याचं. हे सांगत बसतात. मग विसरतात कशावरून चिडले होते ते. परवा मला म्हणाले, पोरगी हुशार निघाली, माझ्यावर गेलीय.

तिला विचारलं, आईला काय लिहू? म्हणाली, "मी खूश आहे असं लिही." मी म्हटलं, आहेस का? तर म्हणाली, "लिही ना तू."

दवाखान्यातला माझा आजचा शेवटचा दिवस. ह्यांनी परस्पर डॉक्टरांना कळवलं की या अवस्थेत काम नको. उद्यापासून माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी बसेल. ती पत्र आलं तर घरी पोचवते म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, तिला काय माहीत. मी तिला नको म्हणून सांगितलंय.

घरी आलेलं टपाल हे फोडतात. तुम्ही लिहू नका.

तुमची धाकटी